तसराळ्यात न बुडलेला हात

हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या हाताला तीनच बोटं उरली आहेत: अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं. टाक धरता येतो, पण ओळ उतरणीला लागते. म्हणून बारा वर्षांत डाव्या हाताला लिहायला शिकवलं.

नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या आठवड्यात काही विचारत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी धीर करते. "बाई, हाताले काय झालं जी?" मी सांगते, "पिन टोचली. पिकलं. कापावं लागलं." यात खोटं काही नाही. पण एवढंच सांगून मी बारा वर्षं गप्प बसले.

ज्याचं बोट आज ठणकतं आहे आणि जो कुणाला दाखवायला लाजतो आहे, त्याने हे वाचावं. ज्यांच्या हाताखाली दुसऱ्याचं अंग येतं, त्यांनी तर वाचावंच. रोगाचं शास्त्र डॉक्टर सांगतील. माझ्यापाशी आहे ते माझं भय, आणि त्याच्या खाली दडवलेली एक गोष्ट.

माझा तांब्या

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णेच्या पलीकडची. वडील भिक्षुकी करत, त्यांच्यामागे दादा करू लागला. सोळाव्या वर्षी मी कपाळ पुसून माहेरी परत आले. दादाने मला कोपऱ्यात बसवलं नाही. त्याने मला नागपूरला नर्सिंग शिकायला धाडलं. आमच्या आळीत तसं कुणी केलं नव्हतं आणि त्याबद्दल त्याने पुष्कळ ऐकून घेतलं. त्याचे उपकार मी विसरलेले नाही, म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतो.

त्याची अट होती. "घरी आलीस की अंगणातच आंघोळ. लुगडं बदलल्याशिवाय स्वैपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि तिथं कुणाच्या हातचं पाणी नाही, कुणाच्या भांड्यात हात नाही."

नागपूरहून आल्यावर मी बायकांच्या एका लहान दवाखान्यात लागले. एका व्यापाऱ्याने आईच्या नावाने काढलेल्या दहा खाटा. आता तो दवाखाना उरलेला नाही, तिथं सरकीची पोती असतात. आम्ही दोन नर्सा, वर पुण्याकडच्या डॉक्टरीणबाई, आणि हाताखाली काशी नावाची आया. काशी महारवाड्यातली, माहेर बाळापूरचं, तोंडाने फटकळ.

वॉर्डाच्या दारात तिवईवर इनॅमलचं एक पसरट तसराळं असे. त्यात जंतू मारणारं कार्बोलिकचं लोशन. नियम असा की एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात साबणाने धुवायचे आणि त्या लोशनमध्ये धरायचे. रोज सकाळी लोशन कालवून तसराळं भरायचं काम काशीचं. मग दिवसभर त्यात तिचे हात बुडत, दुसऱ्या नर्सचे बुडत.

माझे बुडत नसत.

मी घरून माझा तांब्या आणत असे, आमच्या आडाच्या पाण्याने भरलेला. मातीने हात चोळायचे, तांब्यातलं पाणी ओतायचं, पदराला पुसायचे. दिवसातून वीस वेळा. डॉक्टरीणबाईंना मी धुताना दिसे. कशाने धुते ते त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही. त्या इतरांना म्हणत, "अनसूयाबाईंकडे बघा जरा. हात कसे ठेवावेत ते शिका."

मी मान खाली घालून उभी राहत असे. ती लाज नव्हती, अभिमान होता.

काशीला ठाऊक होतं. एकदा ती सकाळीच म्हणाली, "बाई, आज पानी ताजं हाय जी. अजून कोनी बोट बी नाही लावलं. पयले तुमीच बुडवा."

मी म्हटलं, "तूच कालवलंस ना?"

ती हसली. "औषदाले बी इटाळ होते का बाई?"

शिकवलं नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही. नागपूरला मेट्रन समोर उभी राहून हात बुडवायला लावत असे, आणि मी बुडवत असे. का बुडवायचे तेही फळ्यावर लिहून दिलं होतं. माझ्या वहीत ते सुवाच्य अक्षरात होतं. अकोल्याला मेट्रन नव्हती, एवढाच काय तो फरक.

आज मला दिसतं की मी इतके हात धुतले, ते सगळे स्वतःसाठी. दुसऱ्याचं मला लागू नये म्हणून. माझं दुसऱ्याला लागेल, हे मनाला कधी शिवलंच नाही. आमच्याकडे विटाळ आपल्याला होतो. आपला कुणाला होत नाही.

चार नंबरची खाट

त्या दिवसांत चार नंबरवर एका वकिलांची सून होती. घरीच बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणलेली आणली. खाटेपाशी गेलं की वास यायचा. तो वास बाळंतज्वराचा, एकदा नाकात बसला की जात नाही.

दाराच्या पलीकडे दहा नंबरवर सकीना होती, बाळापूरची. सतरंज्या विणणाऱ्यांच्या घरातली. तिचं पहिलं मूल घरच्या बाळंतपणात गेलं होतं. काशीचं माहेर त्यांच्या मागच्याच गल्लीत. काशीनेच तिच्या आईला गळ घातली होती, "या खेपेले दवाखान्यात चाला. मी हावो ना तिथं." त्या शब्दावर त्या दोघी मोटारीत बसून आल्या.

सकीना मोठी बोलकी. कळा सुरू झाल्या तरी तोंड बंद नाही. मला म्हणाली, "क्या बाई, कित्ती बार हाथ धोते तुम! चमडी निकल जायेगी."

तिची आई ओरडली, "चुप बैठ. बच्चा देने आई के बातां करने?"

त्या सकाळी मी वकिलांच्या सुनेचा पोटपट्टा बदलत होते. पट्ट्याला मोठी पिन असते. ती काढताना सटकली आणि माझ्या तर्जनीत गेली. रक्ताचा एक थेंब आला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. मी बोट दाबलं, तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं, पदराला पुसलं.

एवढ्यात पलीकडून काशी ओरडली, "बाई, धावा! डोकं दिसून राहिलं!"

दार ओलांडताना तसराळं माझ्या उजव्या हाताला होतं. हात थोडा लांब केला असता तर पोचला असता. मला ते आठवतं. घाईत दिसलं नाही, असंही म्हणता येत नाही. दिसलं होतं.

मुलगी झाली. मी त्याच हातांनी तिला घेतलं आणि त्याच हातांनी सकीनाचं सगळं केलं. ती घामाने भिजली होती, तरी विचारलंच, "किसके जैसी है?"

"आईसारखी तुझ्या," मी म्हटलं.

"हाय अल्ला. तो जबान भी वैसीच रहेगी."

काशी पोट धरून हसली. सकीनाच्या आईने नातीच्या कानात कलमा म्हटला आणि लेकीला एक चापट मारली. त्या खोलीतलं हे शेवटचं हसू.

"लोशन घेतलं होतंत ना?"

दुसऱ्या दिवशी बोट ठणकू लागलं. मी हळद लावली आणि कामावर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी हुडहुडी भरली. बोट वांग्यासारखं झालं होतं, आणि मनगटापासून वर एक तांबडी रेघ गेली होती, कुणी कुंकवाने ओढल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी माझा हात खिडकीपाशी नेला. ती रेघ कुठवर गेली ते त्यांनी बोटाने चाचपलं, तेव्हाच मला कळलं. अशा हातांचं काय होतं ते मी नागपूरला पाहिलं होतं. हात जातो, नाहीतर माणूस जातो, कधी दोन्ही.

"कधी टोचलं?"

मी सांगितलं.

"चार नंबरवर? आणि मग त्याच हातांनी दहा नंबरची केस घेतलीत?" त्यांचा आवाज बदलला. "अनसूयाबाई, मधे लोशन घेतलं होतंत ना?"

काशी गरम पाण्याची किटली घेऊन दारात उभी होती. तसराळ्याच्या शेजारीच.

"हो बाई," मी म्हटलं. "नेहमीसारखं."

काशीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

त्याच दुपारी सकीनाला थंडी वाजून आली. तिचे दात वाजत होते आणि लोखंडी खाट हलत होती. माझीही खाट बाजूच्याच खोलीत. एकच ताप आम्हा दोघींना एका दिवशी चढला. तो कुठून आला हे त्या इमारतीत मला आणि काशीला माहीत होतं, आणि त्यातली एक खोटं बोलून मोकळी झाली होती.

पेन्सिलीची रेघ

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात मोठे सर्जन होते, म्हणून दादाने मला तिकडे नेलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना मी फलाटावर ओकले. दादाने माझं डोकं धरलं, भर गर्दीत, सोवळं-ओवळं काही न बघता.

तिथल्या दिवसांचं वेळापत्रक मला अजून पाठ आहे. दर दोन तासांनी शेक. उकळत्या पाण्यातून काढलेलं फडकं पिळून हातावर ठेवायचं. ते ठेवण्याआधीच मी ओरडायला सुरुवात करत असे. मग बोटाला छेद दिलेले, त्यातून पू काढायचा. मग पेज. मग पुन्हा शेक.

पण सगळ्यात वाईट वेळ सकाळची. सर्जनसाहेब येत आणि तांबडं जिथवर पोचलं असेल तिथं दंडावर जांभळ्या पेन्सिलीने रेघ ओढत. दुसऱ्या दिवशी बघायचं, की तांबडं रेघेच्या आत आहे की पुढे गेलं. पहिल्या दिवशी रेघ कोपराखाली होती. दुसऱ्या दिवशी कोपरावर. तिसऱ्या दिवशी दंडाच्या मध्यावर, आणि काखेत लिंबाएवढी गाठ. उजाडलं की मी डोळे मिटून घेत असे. न पाहिल्याने रेघ थांबेल, असं काहीतरी वाटे.

तिथली माझी नर्स शांताबाई, ख्रिस्ती, परतवाड्याकडची. ती खाटेपाशी येण्याआधी तसराळ्यात हात धरी. मग मला शिवे. पुन्हा जाऊन हात धरी. मला ते फार लागलं. माझ्यानंतर धुते ते समजू शकत होते. पण आधी?

चौथ्या दिवशी मी तापातच बोलले. "मला शिवायच्या आधी कशाला हात धुता? एवढी का मी घाणेरडी आहे?"

ती हसली नाही. "तुमी नाही हो बाई, मी. आत्ता तिकडं पिकल्या मांडीचं डेसिंग केलं. माया हाताले काय चिकटलं ते मले दिसते का? तुमच्यासाठी धुते."

"आणि नंतर?"

"नंतरचं पलीकडल्या म्हातारीसाठी." तिने फडकं पिळलं. "मायासाठी घरी जाऊन धुईन. तुमी नर्स ना? हे तुमाले मी सांगाव?"

तिच्या हातांकडे मी तेव्हा नीट पाहिलं. लोशनने कातडी सोलून निघाली होती, बोटांच्या पेरांवर चिरा. माझे हात असे कधीच नव्हते. काशीचे होते.

त्या दुपारी मी देवाशी सौदा केला. रेघ थांबली तर खरं सांगेन. डॉक्टरीणबाईंना पत्र लिहीन, डाव्या हाताने का होईना. सकीना बरी झाली असेल तर तिचे पाय धरीन.

पाचव्या दिवशी तांबडं रेघेच्या आत होतं.

मी सांगितलं नाही.

दादाने आणलेली बातमी

तर्जनीची आणि शेजारच्या बोटाची हाडं सडली होती. सर्जनसाहेब म्हणाले, दोन बोटं काढावी लागतील, नाहीतर पुन्हा वर चढेल. दादा ऐकेना. तो बाहेर लिंबाखाली बसून राही, दवाखान्यातलं पाणीही घेत नसे, दोन दिवस नुसत्या फळांवर. "अनसू, कापू देऊ नकोस. व्यंग आलं की देवाच्या कामाला हात चालत नाही," असं म्हणताना तो रडत होता. वहिनीने निरोप धाडला होता की, बाईमाणसाला दवाखान्यात पाठवल्याचं हे फळ. दादाने तो निरोप मला दिला नाही, मला तो पुढे कळला.

सही करता येईना, मीच संमतीच्या कागदावर डावा अंगठा उठवला. क्लोरोफॉर्मचा गोड वास आला आणि मी आकडे मोजू लागले. सातापर्यंत आठवतं.

शुद्धीवर आले तेव्हा दादा बसलेला होता. माझं मन रमावं म्हणून तो अकोल्याच्या बातम्या सांगू लागला. वकिलांची सून उठून बसली म्हणे. देवाची कृपा. मग, सहज आठवल्यासारखं, "आणि ती बाळापूरची मुसलमानीण गेली हो, तुमच्या दहा नंबरची. त्या काशीला काढून टाकलं डॉक्टरीणबाईंनी. तिच्याच घाणेरड्या हातांनी झालं म्हणे. बरं झालं, तुलाही तिचंच लागलं असेल."

हातात आग पेटली होती. मी दादाच्या तोंडाकडे पाहत होते. तो माझा भाऊ, माझ्यासाठी आळीशी भांडलेला. मला त्याला एवढंच सांगायचं होतं की, नाही दादा, ते हात माझे.

"पाणी दे," मी म्हटलं.

त्या वॉर्डात सुखाची गोष्ट एकच घडली, तीही सांगते. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी, अचलपूरच्या अत्तरवाल्यांच्या घरातली, तिला घरून संत्री येत. माझ्या हाताला पट्ट्या. तिने एक संत्रं सोललं, फोडीची साल काढली, बी काढली आणि माझ्या तोंडाशी धरली. मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा मी परक्या हाताने भरवलेलं खाल्लं. ती रोज सहा फोडी भरवत असे. दादा आला की संत्रं पदराखाली झाकी, आणि मला डोळा मारी.

बारा वर्षं

मी परत आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझा बोटं कापलेला हात आपल्या हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "सेवा करताना गमावलीत," त्या म्हणाल्या. नव्या मुलींना हात धुवायला शिकवायचं काम त्यांनी मला दिलं. पुढे तो दवाखाना बंद पडला, मी अकोल्यातच दुसरीकडे लागले. तेच काम तिथंही आलं. मुली माझा हात बघून मुकाट्याने ऐकत. मी स्वतः दर वेळी लोशनमध्ये हात बुडवत असे, कातडी सोलेपर्यंत. त्याने काही धुऊन निघालं नाही.

काशी कुठे आहे ते मला ठाऊक होतं. सरकी काढायच्या जिनात कापूस निवडायला जाई. दोनदा बाजारात दिसली. मी दुसऱ्या गल्लीने गेले.

या वर्षी एक मुलगी आली, चांगल्या घरची, हुशार. चौथ्या दिवशी पाहिलं, तर तिच्या पिशवीत तांब्या. घासूनपुसून लखलखीत केलेला.

मी म्हटलं, "हे इथं चालणार नाही."

ती अदबीनेच म्हणाली, "पण बाई, तसराळ्यात सगळ्यांचेच हात बुडतात. आई म्हणाली, आपल्या पाण्याने धुतलेलं काय वाईट?"

फळ्यावरचं उत्तर मी बारा वर्षं देत होते, ते ओठांवर होतं. पण तिच्याजागी मीच उभी होते, आणि मला ते उत्तर तेव्हाही पाठ होतं. तिला थांबवेल असं एकच उत्तर माझ्यापाशी होतं.

ते सांगण्याआधी ज्यांचं ते होतं त्यांना सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी काशीच्या दारात गेले.

ती दळत होती. ओळखायला वेळ लागला नाही. "या," म्हणाली, पण उठली नाही.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. तोंडपाठ करून गेले होते, मध्येच विसरले. काशीने जात्याचा खुंटा सोडला.

"मले ठावं हाय," ती म्हणाली. "तसराळं मीच भरत होती, सांजच्याले मीच फेकत होती. कोनाचा हात बुडला न् कोनाचा नाही, मले समजत नाही काय?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलली ना! डाक्टरीनबाईच्या तोंडावर बोलली. त्या म्हने, तिकडं अमरावतीले ते बिचारी अनसूया मरून राहिली न् तू तिच्यावर आळ घेतं? लाज नाही वाटत? त्याच पावली काढलं मले."

हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मला वाटत होतं की काशी गप्प बसली, म्हणून थोडा भार तिचाही.

मी वाकले तशी तिने पाय आखडून घेतले. "पाया नका पडू बाई. त्यानं मले काय भेटते? मी तिच्या मायले सबूद देला होता, मी हावो म्हनून. ते बुढी मले पाहून दार लावते. माई माय मेली, तं मागच्या आळीनं गेली मी तिच्या मातीले. पुढून जायची सोय नाही मले, सोताच्या गावात." तिने पदराने पीठ झटकलं. "चाला बाळापूरले. तिले सांगा. मायासमोर."

बाळापूर

मोटारीत आम्ही एका बाकावर बसलो. काशी एक शब्द बोलली नाही. पूर्वी ती इतकी गप्प बसली असती तर मी देवाचे आभार मानले असते.

किल्ल्याच्या खालच्या अंगाला त्यांचं घर. ओसरीत माग, त्यावर अर्धी सतरंजी. सकीनाची आई खूप वाकली होती. तिने मला ओळखलं, माझ्या हाताकडे पाहून "अरे रे" म्हणाली आणि चटईवर बसवलं. मग दाराबाहेर नजर गेली.

"वो बाहरच रहेगी."

"हाव," काशी म्हणाली आणि उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहिली.

आतून एक मुलगी आली, बारा वर्षांची. हनुवटी आजीची, चालणं सकीनाचं. माझ्या हातात पहिल्यांदा रडलेली. पाहुण्याला खायला देण्याआधी त्यांच्याकडे हातावर पाणी घालतात. तिने एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात हात धुवायचं पसरट भांडं आणलं होतं. माझ्यासमोर बसली आणि लोटा कलता केला.

"थांब बाळा," मी म्हटलं. "आधी ऐक."

मी सांगितलं. चार नंबर, पिन, तांब्या, दार, तसराळं. नंतरचं खोटंही. आजीकडे पाहून सांगितलं, पण मुलगी तिथंच होती, लोटा तसाच धरून. कुणी तिला आत पाठवलं नाही. मीही नाही. तिचं तर ते सगळ्यांत आधी होतं.

मग म्हातारीने एकच विचारलं.

"तेरे कू मालूम था? के उसमें हाथ डालना पडता?"

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

तिने मान हलवली, हिशेब लागल्यासारखी नव्हे, थकल्यासारखी. चटईला हात टेकून उठली. नातीच्या हातून लोटा घेतला, भांडं घेतलं. माझ्या बाजूने गेली, तिच्या ओढणीचं टोक माझ्या गुडघ्याला घासलं. ती दाराशी जाऊन थांबली.

"काशी," ती म्हणाली, "अंदर आ. हाथ आगे कर."

काशी उंबऱ्यात आली. तिने दोन्ही हात पुढे केले. चिरा पडलेले, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले. म्हातारी पाणी ओतू लागली. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

लोटा रिकामा होईपर्यंत ती ओतत राहिली. मी तीन बोटांचा हात मांडीवर ठेवून बसले होते, कोरडा. माझ्यासाठी पाणी उरलं नाही, आणि मी मागितलं नाही.